ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना आणि बांधताना आलेले अनुभव : तुमचेही लिहा

मागच्या महिन्यात ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना थोडक्यात वाचलो, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. झालं असं की शेतातून निघालो तेव्हा दोन ब्रेक पेडल जोडणारी कडी काढलेलीच होती, कोपऱ्यावर वळताना एकच ब्रेक लागतो म्हणून काढतो ना आपण, आणि तसाच रॅम्पवर गेलो. अर्ध्यात जरा सरकल्यासारखं वाटलं म्हणून ब्रेक दाबला तर फक्त उजवं चाक धरलं, ट्रॅक्टर जागेवर तिरका झाला आणि मागचं चाक अर्धं रॅम्पच्या बाहेर लटकलं. बाजूला माझा पुतण्या उभा होता, अगदी दोन हातावर. तो तिथे उभा राहायलाच नको होता आणि हे त्याला मी सांगायला हवं होतं. चढवताना, बांधताना, रस्त्यात, जे काही घडलं असेल ते लिहा. नवीन मुलं वाचतील.

---

कडीचं एकदम बरोबर. माझा अनुभव पुढची चाकं उचलण्याचा. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दोन फूट आणि आमच्या फळ्या होत्या चार फुटी, म्हणजे ३० अंशाचा चढ झाला, पण तेव्हा कोण मोजतंय. पुढे तोंड करून चढवला, मागे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं जड अवजार) तसाच लावलेला, मधेच अडखळला म्हणून जरा रेस दिली आणि नाक वर. क्लच दाबला म्हणून खाली आपटला, पण क्लच दाबल्यावर मागे घरंगळत गेला ते वेगळंच, आणि मागे कोणी नव्हतं हे नशीब. आता आठ फुटी रॅम्प वापरतो, त्याच उंचीला चढ साधारण १४-१५ अंशावर येतो, आणि पुढे लोडर किंवा वजनं नसतील तर रिव्हर्समध्येच चढवतो, कारण जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला असली की मागे उलटायचा धोका खूप कमी होतो. उतरवताना मग सरळ पुढे. गियर खालीच ठरवायचा, सगळ्यात लहान, आणि रॅम्पवर क्लचला पाय लावायचा नाही. फोर व्हील असेल तर ते लावूनच उतरवा, कारण बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो.

---

आमच्याकडे ट्रेलर गाडीपासून सोडवून उभा केला होता, सपाट जागा आहे म्हणून. ट्रॅक्टरची मागची चाकं शेपटाकडच्या कडेवर आली आणि ट्रेलरचं पुढचं टोक सी-सॉ सारखं वर उडालं. ट्रेलर गाडीला जोडलेलाच पाहिजे, गाडीचा हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, आणि शेपटाखाली दोन्ही बाजूंना टेकू. एवढं केल्याशिवाय आता मी ट्रॅक्टर चालूच करू देत नाही, घरचे चिडतात तरी.

---

वजन कुठे ठेवलंय याबद्दल. माझा ट्रॅक्टर थोडा मागे राहिला, पुढे रोटाव्हेटर ठेवायला जागा हवी म्हणून. गावातल्या वेगात काही कळलं नाही, उताराला लागलो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला, आधी हळू मग इतका की गाडीचं मागचं अंग ओढलं जायला लागलं. मी घाबरून ब्रेक मारला आणि ते वाढलं. अॅक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं होतं हे नंतर एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. हिशोब असा की ट्रेलर आणि मालाच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. कमी आला की झोके, फार जास्त आला की गाडीची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लागत नाही. आता जिथे बरोबर बसतो तिथे पाट्यावर रंगाने रेघ मारून ठेवलीय.

---

मी स्वतः चालवत नाही पण माझ्या भावाचं लिहिते. साखळी ताणायचा जो दांडीवाला बाइंडर असतो त्याच्या दांडीत त्याने जास्त जोर मिळावा म्हणून पाइप घातला. सोडताना दांडी सुटली आणि पाइप जबड्यावर. दोन ऑपरेशनं झाली, अजून एका बाजूने नीट चावता येत नाही. कृपा करून रॅचेटवाला बाइंडर घ्या, तो हळूहळू ताणतो आणि हळूहळूच सोडतो. आणि दांडीवाला असलाच तर पाइप लावू नका, आणि सोडताना दांडीच्या वाटेत तोंड आणू नका. तो सांगतो की अनेक वर्षं तसंच करत होतो, कधीच काही झालं नव्हतं.

---

ताई, वाचून वाईट वाटलं, भावाला लवकर बरं वाटो.

"एवढा जड आहे, कुठे जातोय" असं म्हणणाऱ्यांसाठी माझा अनुभव. जोरात ब्रेक मारला की वजनाच्या जवळपास ०.८ पट जोर पुढे लागतो असं धरून बांधायचं असतं, म्हणजे ३ टनाचा ट्रॅक्टर २.४ टनाने पुढे ओढतो. आम्ही दोन पट्टे आडवे टाकले होते. एक पट्टा लोखंडी कडेवर घासून तुटला, दुसऱ्याला गाठ मारलेली, आणि गाठीने पट्ट्याची ताकद निम्म्यावर येते हे तेव्हा माहीतच नव्हतं. ट्रॅक्टर दीड फूट पुढे जाऊन पुढच्या फळीला धडकला. आता चार कोपऱ्यांना चार साखळ्या, पुढच्या दोन पुढे आणि बाहेर ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे आणि बाहेर, आणि साखळीवर लिहिलेली भार मर्यादा बघूनच घेतल्या. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते वजनही धरा.

---

बांधून झालं की संपलं असं समजू नका. मी लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) वर ठेवूनच मागची साखळी नांगराच्या फ्रेमवरून घेतली होती. इंजिन बंद, लिफ्ट हळूहळू बसत गेली आणि दहा किलोमीटरवर बघतो तर साखळी लोंबतेय. अवजार आधी पाट्यावर टेकवा, त्याला वेगळी साखळी, मग ट्रॅक्टर गियरमध्ये, हँडब्रेक, चावी काढून. टायर दबतात, चाकाखालचा चिखल सुकून पडतो, साखळी ढिली होतेच. पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबतो, हात लावून बघतो, नंतर जिथे थांबू तिथे.

आणि टर्बो इंजिन असेल तर सायलेन्सरचं तोंड झाकायला विसरू नका. वाऱ्याने टर्बो फिरत राहतो, इंजिन बंद म्हणजे त्याला तेल मिळत नाही.

---

एक विचारायचं होतं, पुढून कुठे बांधता? माझ्या ट्रॅक्टरला पुढे हुकच नाही, मी टाय रॉडला (पुढची चाकं वळवणाऱ्या दांडीला) बांधत आलोय.

---

टाय रॉडला अजिबात नको, वाकला तर स्टेअरिंग जाईल आणि बांधलेलं ढिलं होईल ते वेगळंच. पुढच्या एक्सलचा जो जाड बीम आहे त्याला, नळ्या आणि वायरी बघून, दोन्ही बाजूंना वेगळी साखळी. मागे ड्रॉबार (ट्रॉली जोडायची मागची पट्टी) किंवा मागचा एक्सल. फोटो टाकलात तर नेमकं कुठून घ्यायची ते सांगतो, पण त्याआधी टाय रॉड सरळ आहे का एकदा बघून घ्या.