जपानमधले बेघर: आकडा उतरला, माणसं कुठे गेली?

सुमिदाकाठ
बारा वर्षं तोक्योत राहते. पूर्वी सुमिदा नदीकाठी निळ्या ताडपत्रीची खोपटी ओळीने दिसायची, बाहेर चपला नीट जोडून ठेवलेल्या. आता एखाददुसरंच. सरकारी मोजणीही तेच सांगते: २००३ मध्ये २५,२९६ बेघर, २०२४ मध्ये २,८२०. पण मोजतात कोणाला? बागेत, नदीकाठी, रस्त्यावर, स्टेशनात डोळ्यांना दिसेल त्यालाच. नेट कॅफेच्या खुराड्यात रात्र काढणारा त्यात धरत नाहीत. तोक्यो प्रशासनाच्याच २०१८ च्या अहवालात असे लोक रात्रीला सुमारे ४,००० निघाले, तेही एकट्या तोक्योत. माझ्या मते बेघर माणसं कमी झाली त्याहून जास्त नजरेआड गेली.

ओसाकावासी
नाही पटलं. मी ओसाकातल्या निशिनारी वॉर्डाजवळ राहतो. ओसाकातल्या १९७० च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी, राबलेले निशिनारीतल्या कामागासाकी या मजूरवस्तीचे रोजंदारी मजूर म्हातारे झाले, नव्वदच्या दशकात मंदीने काम गेलं आणि बागेत येऊन पडले. त्यांतले कित्येक आज 'सेइकात्सु होगो'वर, म्हणजे सरकारी निर्वाहभत्त्यावर, छोट्या खोलीत राहतात. डोक्यावर छप्पर आहे, औषधपाणी होतं. याला नजरेआड जाणं म्हणायचं?

सुमिदाकाठ
निशिनारीचं मान्य. पण भत्ता मागायला गेलं की वॉर्ड ऑफिस नातेवाइकांना पत्र पाठवून विचारू शकतं, "यांना सांभाळाल का?" २०२१ मध्ये नियम सैल झाला, धास्ती गेली नाही. वीस वर्षं भावाला तोंड न दाखवलेला माणूस तिथूनच मागे फिरतो. मी जेवणवाटपाला जाते. एका आजोबांनी ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, दोन्ही हातांनी घेतली आणि तीनदा "सुमिमासेन" म्हणाले. माफी कशाची मागत होते?

नागोया_रात्रपाळी
काहींना मदत नकोच असते. त्यांच्या मर्जीचा मान ठेवावा.

सुमिदाकाठ
ऑक्टोबर २०१९, हागिबिस वादळ. तोक्योच्या ताइतो वॉर्डात बेघर माणसं निवाऱ्याच्या दारात आली. वॉर्डात पत्ता नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. मदत नको असती तर ती त्या पावसात दारापर्यंत आली असती का?

ओसाकावासी
ताइतोत घडलं ते चूकच, वॉर्डाने नंतर माफीही मागितली. नातेवाइकांना पत्र पाठवणं पूर्ण बंद व्हावं, आणि मोजणी रात्री व्हावी. दिवसा माणसं रिकामे डबे गोळा करायला गेलेली असतात. इथवर मी तुमच्याबरोबर. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला मिळालेल्या खोलीला कमी लेखू नका. तो आता दाराला आतून कडी लावून झोपतो.