सल्ला हवा: व्हॅनेडियम घातलेल्या लिथियम बोरेट काचेची वाहकता जुळत नाही

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. काचेत 30 मोल टक्के लिथियम ऑक्साइड, 2 टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आणि बाकी बोरॉन ऑक्साइड. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) नुसता पसरट उंचवटा येतो, म्हणजे काच झाली आहे. पण आजची वाहकता उद्या जुळत नाही आणि 80 अंशांखाली अऱ्हेनियसची रेषा (तापमानाबरोबर वाहकता कशी बदलते तो आलेख) वाकते. शिवाय सर विचारतात, वीज वाहतंय कोण, लिथियम की इलेक्ट्रॉन? आणि एफटीआयआर (अवरक्त वर्णपटाची चाचणी) जवळपास कुठे होईल?

कळव्याचा_निखिल
जुलैत आपल्याकडे बोरेट उघड्यावर ठेवायचं नाही. पृष्ठभाग पाणी ओढतो आणि त्या थरातूनच वीज वाहते. रेषा बहुतेक त्यानेच वाकते आहे. नमुना 150 अंशांवर तासभर ठेव, मग थंड होत असताना मोज. घनता आर्किमिडीजने काढणार असशील तर पाण्यात नको, टोल्युइनमध्ये काढ.

घोडबंदर_विद्या
निखिलशी सहमत. पण त्याआधी वजनाचा हिशेब बघ. बोरिक ॲसिड घेतलं असेल तर त्याचं जवळपास 44 टक्के वजन पाणी म्हणून उडतं. ॲल्युमिनाची मूस असेल तर थोडं ॲल्युमिनियमही वितळात उतरतं. प्लॅटिनमची मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आता सरांचा प्रश्न. निव्वळ बोरॉन ऑक्साइडमध्ये प्रत्येक बोरॉनला तीन ऑक्सिजन असतात. लिथियम ऑक्साइड टाकलं की काही बोरॉन चार ऑक्सिजन घेतात, जाळं घट्ट होतं. म्हणूनच काचसंक्रमण तापमान (जिथे काच मऊ पडू लागते ते) सुमारे 260 वरून 490 अंशांच्या आसपास चढतं. तुझ्या रचनेत चार ऑक्सिजनवाल्यांचा वाटा साध्या हिशेबाने 0.44 यायला हवा. एफटीआयआरमध्ये ते 800 ते 1200 प्रति सेंटीमीटर या पट्ट्यात दिसतात, तीनवाले 1200 ते 1600 मध्ये.

व्हॅनेडियममुळे इलेक्ट्रॉन वाहतो तो V⁴⁺ वरून शेजारच्या V⁵⁺ वर उडी मारून. 2 टक्क्यांत हे अणू एकमेकांपासून इतके लांब असतात की उडी अवघड. माझ्या मते तुझ्या काचेत वीज लिथियमच वाहतंय. पण मत पुरेसं नाही, दाखवावं लागेल. दोन्ही बाजूंना सोन्याचा थर दे, स्थिर व्होल्टेज लाव आणि प्रवाह बघत राहा. सोनं लिथियमला अडवतं, त्यामुळे आयनांचा प्रवाह ओसरत जातो. शेवटी जो टिकतो तो इलेक्ट्रॉनांचा. इम्पिडन्सच्या (वेगवेगळ्या वारंवारतेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखात कमी वारंवारतेकडे तिरकी शेपटी दिसली तर आयनांचा पुरावा आणखी पक्का.

जमलं तर लिथियम कमी करून व्हॅनेडियम 10, 20, 30 टक्के अशी मालिका कर. आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही असलेल्या काचांत मध्येच कुठेतरी वाहकता सर्वात कमी होते. प्रबंधाचा जीव तिथे आहे, एका नमुन्यात नाही. व्हॅनेडियमची पूड विषारी असते, धूरपेटीतच तोल.

ऐरोलीकर
ताई, खूप आभार. बोरिक ॲसिडच घेतलंय, हिशेब परत तपासतो. सोन्याचा थर नाही जमला तर चांदीची पेस्ट चालेल का?

घोडबंदर_विद्या
इम्पिडन्सला चालेल. स्थिर व्होल्टेजच्या चाचणीला सोनंच बघ. एफटीआयआरसाठी पवईला आयआयटीचं सैफ हे उपकरण केंद्र बाहेरचे नमुने घेतं, तुला मुलुंडचा पूल ओलांडला की जवळ. नमुना ज्यात मिसळून गोळी दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइडही पाणी ओढतं, गोळी दाबण्याआधी ओव्हनमध्ये वाळव.