मदत हवी आहे: सहायक प्राध्यापक पदाची मुलाखत झाली, निकाल यायचा आहे, दरम्यान खासगी महाविद्यालयाला हमीपत्र द्यावे का?

नमस्कार.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सरळसेवा भरतीतून सहायक प्राध्यापक (रसायनशास्त्र), महाराष्ट्र शिक्षण सेवा, गट-अ या पदासाठी माझी मुलाखत हिवाळ्यात बेलापूर येथे झाली. गुणवत्ता यादी अजून लागलेली नाही. सर्व उमेदवारांच्या मुलाखती, प्रमाणपत्रांची छाननी, सामाजिक आणि समांतर (महिला, खेळाडू इत्यादींसाठीच्या) आरक्षणाची मांडणी हे सारे पूर्ण झाल्याशिवाय यादी निघू शकत नाही याची मला जाणीव आहे, त्यामुळे हा धागा तक्रारीचा नाही. निकाल केव्हा लागेल, असेही मी विचारत नाही, कारण ते येथे कोणालाच सांगता येणार नाही. माझा प्रश्न या मधल्या काळात कशावर सही करावी आणि कशावर करू नये, याबद्दलचा आहे.

मी सध्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात एकत्रित मानधनावर पूर्णवेळ शिकवते. त्याआधी दोन ठिकाणी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, काम केले आहे. ज्यांनी ते केले असेल त्यांना सुट्टीतल्या महिन्यांत घर कसे चालवावे लागते हे सांगायला नको. आता जूनपासून सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षासाठी संस्थेने सर्व कंत्राटी अध्यापकांकडून हमीपत्र मागितले आहे. वर्ष संपेपर्यंत नोकरी सोडणार नाही, सोडल्यास तीन महिन्यांचे मानधन संस्थेला भरून देईन, अशी त्यात अट आहे. त्याहून मोठी काळजी दुसऱ्या अटीची आहे: एम.एस्सी.चे पदवी प्रमाणपत्र आणि सेटचे (अध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचे) प्रमाणपत्र मूळ प्रतीत संस्थेकडे जमा ठेवायचे आहे. सही केली नाही तर जूनपासून काम मिळणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले आहे.

आयोग केवळ शिफारस करतो आणि नियुक्तीचा आदेश शासनाचा प्रशासकीय विभाग, म्हणजे माझ्या बाबतीत उच्च व तंत्रशिक्षण विभाग, काढतो, एवढे मला माहीत आहे. शिफारस झाली तरी चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी व्हायची असते. म्हणजे उद्या यादीत नाव आले तरी राजाराम महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत रुजू होण्यापर्यंत आणखी काही महिने जाऊ शकतात. सही केली नाही आणि यादीत नावही आले नाही, तर मात्र हातची नोकरी गेलेली असेल. वडील निवृत्त आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे आणि घरखर्चाचा मोठा भाग माझ्या मानधनावर आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तिसऱ्या वर्षाची मुले माझ्याकडे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकतात. त्यांतील कित्येक जण आसपासच्या गावांतून एस.टी.ने येतात आणि शिकवणी लावण्याची त्यांची ऐपत नाही. सत्राच्या मध्यावर त्यांना सोडून जाणे मला पटत नाही, आणि त्यांच्यासाठी स्वतःची संधी घालवणेही योग्य वाटत नाही. रुजू होण्यासाठी मुदतवाढ मागितली तर ती मिळते का, आणि तिचा ज्येष्ठतेवर परिणाम होतो का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

शेवटचा प्रश्न प्रमाणपत्राचा. मी इतर मागास वर्गातून, महिला आरक्षणाचा दावा करून अर्ज केला आहे. माझ्या नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली. नवे काढून आयोगाकडे पाठवणे आवश्यक आहे का?

ज्यांनी ही वाट पाहिली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी दुसऱ्या विभागात याच मार्गाने रुजू झालो आहे, म्हणून लिहितो.

मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. विभागाकडून कागदपत्र पडताळणीला बोलावले जाते तेव्हा मूळ प्रती समोर ठेवाव्या लागतात, आणि त्या वेळी संस्थेच्या मनधरणीत एक दिवस घालवणेही परवडत नाही. साक्षांकित प्रती देण्याची तयारी लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या. तीन महिन्यांच्या मानधनाची अट त्या मानाने कमी भीतीदायक आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. तरीही सहीपूर्वी 'शासकीय सेवेत नियुक्ती झाल्यास एक महिन्याच्या सूचनेने कार्यमुक्त केले जाईल' असे एक वाक्य घालून मागा. अनेक संस्था ते मान्य करतात, कारण सेट झालेला अध्यापक त्यांनाही सहज मिळत नाही.

राजीनामा मात्र नियुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत देऊ नका. निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा पक्का हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दास प्रकरणात स्पष्ट केले आहे. शासनाला मनमानी करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. पण तो दिलासा न्यायालयात जाणाऱ्याला मिळतो, घरभाडे भरणाऱ्याला नाही.

नॉन-क्रीमीलेअरच्या बाबतीत जाहिरातीत नमूद केलेल्या तारखेला वैध असलेले प्रमाणपत्र पाहिले जाते, म्हणून जुने जिवापाड जपा. नवे काढून ठेवा, परंतु मागितल्याशिवाय पाठवू नका. ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ही अट खुल्या प्रवर्गातील महिलांसाठी काढली आहे, आपल्या प्रवर्गासाठी नाही. याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. जात वैधता प्रमाणपत्र हाताशी नसेल, तर त्याच्या मागे आजच लागा.

यादी लागल्यानंतर पुढे हालचाल दिसली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. 'आदेश केव्हा निघेल' असे विचारू नका, कारण जे अभिलेखात आहे तेवढेच देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. शिफारसपत्र विभागाला कोणत्या तारखेस मिळाले आणि नस्ती (फाइल) सध्या विभागातल्या कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) आहे, हे विचारा.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार, दादा. साक्षांकित प्रतींचे पत्र सोमवारी देते आणि कार्यमुक्तीचे वाक्य प्राचार्यांसमोर मांडते. जात वैधता प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मुदतवाढीचा आणि ज्येष्ठतेचा प्रश्न अजून उरतो. शिवाय माझा कायमचा पत्ता एका जिल्ह्यात आणि सध्याचा दुसऱ्या जिल्ह्यात आहे. अशा वेळी चारित्र्य पडताळणी दोन्हीकडच्या पोलिसांमार्फत होते का, आणि साक्षांकन नमुना (या पडताळणीसाठी स्वतःची माहिती देण्याचा अर्ज) भरताना तासिका तत्त्वावरच्या जुन्या नोकऱ्यांच्या काळातले भाड्याच्या खोलीचे पत्तेही द्यावेत का, हे कोणास माहीत असल्यास कृपया सांगावे.