डेन्व्हर: गांजाची गमी किती घ्यावी, आणि त्याआधीची एक गोष्ट

पहिल्यांदाच डेन्व्हरला जाताय, गांजा ओढण्यापेक्षा त्याची गमी, म्हणजे चघळायची गोळी, बरी वाटते, तर किती घ्यावी असं विचारलंत. अर्धी. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत एका मात्रेत, म्हणजे सहसा एका गमीत, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असतं, अख्ख्या पाकिटात १००. नवख्या माणसाला १० सुद्धा भारी पडू शकतं. पोटातून जाणारा गांजा चढायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन. 'काहीच होत नाही' म्हणून लोक दुसरी तोंडात टाकतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. कृपा करून थांबा. त्या दिवशी दारूही नको. गमी दिसायला साधी जेलीची गोळी, फक्त वर '!टीएचसी' ही खूण असते, तेव्हा घरात मुलं असतील तर पाकीट कुलपात ठेवा.

दुकानात पासपोर्टसारखं मूळ ओळखपत्र लागतं, वय २१ पूर्ण हवं. क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही, रोख न्या. रस्त्यावर, बागेत ओढणं गुन्हा आहे. विमानतळाच्या आवारात बाळगायलाही बंदी आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती व्हिसावाल्यांची. राज्याने २०१४ पासून दुकानं उघडली, तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हे आजही बेकायदाच आहे, आणि इमिग्रेशन केंद्र सरकारच्या हातात आहे. नागरिक नसलेल्याने नुसतं सेवन कबूल केलं तरी प्रवेश किंवा ग्रीन कार्ड अडू शकतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.