परसातले खुराडे: कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकेल असे कसे बांधावे?

प्रश्न (फुलेवाडी): घरामागे साधारण १५ फूट लांब व ८ फूट रुंद जागा असून तिथे दहा गावठी कोंबड्या पाळायच्या आहेत. पावसाळ्यात इथे जमीन सतत ओली राहते आणि मुंगूस फिरते. खुराडे केवढे असावे, किती उंचावर असावे व जाळी कोणती लावावी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: रात्रीच्या निवाऱ्यासाठी कोंबडीमागे दोन चौरस फूट धरल्यास सहा बाय साडेतीन फुटांचे खुराडे पुरेल, उरलेल्या जागेला जाळी मारून दिवसा फिरण्याची सोय करावी. जांभ्याचे खांब रचून तळ जमिनीपासून दोन फूट वर घ्यावा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेची आखूड बाजू पूर्ण बंद करावी, कारण झड बहुधा तिकडूनच येते. मात्र पाऊस लागला की चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती कृपया टाळावी. विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो, तूस ओले राहते आणि रक्ती हगवणीला आमंत्रण मिळते. पत्रा दोन फूट बाहेर काढून त्याखालची फूटभर पट्टी बारमाही जाळीचीच ठेवावी. कोंबडीला थंडीपेक्षा ओल अधिक बाधते.

उत्तर २: षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी महाग पडली तरी तीच घ्यावी आणि खालची कड फूटभर जमिनीत पुरावी, कारण मुंगूस उकरून आत शिरते. दाराला नुसती कडी न लावता बोल्ट बसवावा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आतली रचना कशी असावी?

उत्तर ३: बसण्याची दांडी दोन इंच जाड, कडा घासलेली आणि कोंबडीमागे आठ-नऊ इंच जागा देणारी असावी. ती अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी दहा जणींना पुरतात. तळाला भाताचे तूस तीन इंच पसरून ते वरचेवर हलवावे. तूस मुठीत दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर ते सुटे झाले तर ठीक, गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी बदलावे. सकाळी दार उघडताच कोंबडीच्या उंचीला वाकून वासही घ्यावा; डोळे चुरचुरले, तर वरची जाळी कमी पडते आहे.