बोका अचानक गादीवर शू करतो, कुरवाळताना चावतो. काय चुकतंय?

चाळकरीण:
बोका तीन वर्षांचा, नसबंदी झालेली, वजन साडेचार किलो. गिरगावात दोन खोल्यांचं घर. आठवडाभर गादीवर आणि धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर शू करतोय. कुरवाळताना आधी छान घुरघुरतो आणि मध्येच हाताला कडकडून चावतो. या महिन्यात तीन गोष्टी बदलल्या: त्याचा शू-शीचा ट्रे गॅलरीतून उचलून मोरीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला, लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर (ट्रेमध्ये पसरायचे दाणे) आणलं आणि लादी रोज फिनेलने पुसली जाते. सासूबाई म्हणतात, राग काढतोय. शूवर नाक घासून दटावावं, की पाण्याचा फवारा मारावा?

ओटीवरची_मनी:
दोन्ही नको. थोड्या वेळापूर्वीची शू आणि आत्ताची शिक्षा यांचा संबंध मांजराला लागत नाही. माणूस जवळ आला की त्रास होतो, एवढंच ते शिकतं. मग शू थांबत नाही, कपाटामागे लपून सुरू होते. सासूबाईंना जरूर सांगा, मांजर सूड उगवत नाही. गादी मऊ असते, शू लगेच शोषते, तिला घरच्यांचा ओळखीचा वास असतो. ट्रे नकोसा झाला की त्याला तीच जागा बरी वाटते.

पहिलं हे सांगा: गादीवरचा डाग केवढा असतो? ताटलीएवढा की नाण्याएवढा? आणि ट्रेमध्ये तो दिवसातून किती वेळा जातो? यावर बरंच अवलंबून आहे.

तोवर ट्रेचं बघू. मशीन स्पिनवर गेलं की शेजारचा ट्रे थरथरतो. बसलेला असताना एकदा जरी तसं झालं तरी ती जागा बोक्याच्या मनातून उतरते. ट्रे परत गॅलरीत, अगदी जुन्याच जागी ठेवा. लॅव्हेंडरचा वास आपल्या नाकासाठी असतो, मांजराला तो झोंबतो. बिनवासाचं, बारीक दाण्याचं, शू पडली की गोळा होणारं बेंटोनाइट (चिकणमातीचं लिटर) घ्या आणि 5 ते 7 सेंमी थर द्या. कधी लिटर बदलायचंच झालं तर जुन्याचा ट्रे तसाच ठेवून शेजारी नव्याचा दुसरा ठेवायचा आणि निवड त्याच्यावर सोडायची.

ट्रेची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या निदान दीडपट हवी. दुकानातले बरेच ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. त्यापेक्षा पलंगाखाली सरकवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, एक बाजू 12 ते 15 सेंमी उंचीवर कापा आणि कड घासून गुळगुळीत करा. झाकण नको, आत वास कोंडतो. एका मांजराला खरं तर दोन ट्रे लागतात, आणि तेही एकमेकांना चिकटून नाहीत. गोळे सकाळ-संध्याकाळ काढा, पण कमोडमध्ये टाकू नका, बेंटोनाइट फुगतं आणि पाइप तुंबतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर ओल धरते, म्हणून लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

फिनेल मात्र आजच बंद करा. काळ्या फिनेलमधली फेनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पांढऱ्यातलं पाइन तेलही त्याला चालत नाही. ओल्या लादीवरून चालून ते पंजे चाटतं आणि सगळं पोटात जातं. लादीला साबणाचं पाणी आणि वर एकदा साधं पाणी पुरे. गादीचा डाग आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवालं (शूचा वास मुळापासून घालवणारं) क्लीनर आतपर्यंत मुरेल इतकं ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा आणि उन्हात वाळवा. अमोनियावालं काही वापरू नका, तो वास शूसारखाच असतो.

पंजेवाला:
चावण्याबद्दल. घुरघुरणं म्हणजे खुशी, हे नेहमीच खरं नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. आणि 'मध्येच' चावतो असं वाटतं, पण त्याआधी तो सांगत असतो. शेपटीचं टोक उडायला लागतं, पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरते, कान बाजूला वळतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मान हाताकडे झटकन फिरते. यातलं एक दिसलं की हात थांबवायचा. वाट बघायची नाही, लगेच.

सोपी रीत अशी: बोट त्याच्या नाकासमोर धरा. त्याने गाल घासला तरच गाल, हनुवटी आणि कानाच्या पुढची बाजू 3 ते 5 सेकंद खाजवा आणि थांबा. तो पुन्हा डोकं लावतो का बघा. लावलं नाही तर झालं. पोट आणि शेपटीचं मूळ सोडून द्या. उताणं लोळणं म्हणजे विश्वास असतो, पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे. घरातल्या मुलांना हेच आधी शिकवावं लागतं. टक लावून पाहण्याऐवजी डोळे हळू मिटून उघडा. 2020 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं की मांजरं त्याला तसाच प्रतिसाद देतात.

हाताने किंवा पायाच्या बोटांनी खेळवत असाल तर तेही बंद. काठीला बांधलेलं पीस 10 मिनिटं, दिवसातून दोनदा, शेवटी ते पकडू द्यायचं आणि लगेच खायला घालायचं.

चाळकरीण:
डाग पाच रुपयांच्या नाण्याएवढे. ट्रेमध्ये दर दहा-पंधरा मिनिटांनी जाऊन बसतो. दुपारी बसल्या बसल्या ओरडला. खालून सारखं चाटतोय. आज सकाळपासून ट्रेमध्ये गोळा नाही.

ओटीवरची_मनी:
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता निघा. उद्यापर्यंत थांबू नका. हा ट्रेवरचा रुसवा नाही, शू अडकल्याची खूण आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट बुच त्यात अडकलं की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर ताण येतो आणि 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना फोनवर हेच शब्द सांगा: "बोका आहे, सकाळपासून शू झालेली नाही." ते उपलब्ध नसतील तर परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला फोन लावून विचारा.

पोट दाबून बघू नका. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) उभा करून दार वर घ्या, बोक्याला टॉवेलात गुंडाळा आणि मागचे पाय आधी आत सोडा. वरून ओढणी टाका. टॅक्सीत कॅरिअर सीटवर सपाट ठेवा, हातात लटकवू नका. कपड्यावर रक्ताचा डाग असेल तर त्याचा फोटो काढून न्या.

खडे नाही निघाले तरी आधीचं सगळं लागू आहे. तरुण बोक्यांत मूत्राशय सुजण्यामागे पुष्कळदा ताणच असतो. निघण्यापूर्वी कुणाला तरी ट्रे गॅलरीत परत ठेवायला सांगा, लादी साध्या पाण्याने पुसून घ्यायला सांगा. परतल्यावर ओलं खाणं आणि पाण्याचे दोन रुंद वाडगे, ट्रेपासून लांब. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी धागा बघत राहते.