आजारी माणसाचं नाव प्रार्थनेच्या गटावर टाकण्याआधी त्याला विचारायला नको का?

अनवट (धागाकर्ती)

कुठल्याही धर्माचं, पंथाचं मंडळ घ्या. तिथे हा मेसेज हमखास येतो: "अमुक ताईंना कॅन्सर निघालाय, दुसरी स्टेज आहे, सगळ्यांनी प्रार्थना करा." खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या ताईंना मात्र कोणी विचारलेलं नसतं. त्यांनी ते विश्वासाने एकीला सांगितलेलं असतं. ऑफिसात अजून कळवायचं असतं, मुलांना काय आणि किती सांगायचं ते ठरायचं असतं. तोवर मुलाच्या वर्गमैत्रिणीच्या आईने मुलालाच विचारलेलं असतं, "आई कशी आहे रे आता?"

माझा आक्षेप प्रार्थनेला नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद त्यावरच जातील. आक्षेप न विचारण्याला आहे. पाय मोडला तर खुशाल गावभर सांगा, कोणाचं काही बिघडत नाही. पण गर्भपात, व्यसन, नैराश्य, एचआयव्ही, वंध्यत्वाचे उपचार या गोष्टी एकदा बाहेर पडल्या की परत घेता येत नाहीत. आजार बरा झाला तरी लोकांच्या लक्षात तो राहतोच; लग्न जमवताना राहतो, नोकरी देताना राहतो. पूर्वी सभेत उभं राहून सांगितलेलं निदान भिंतींच्या आत राहायचं. आता त्याचा स्क्रीनशॉट निघतो.

रुग्णाबद्दल जे कळेल ते बाहेर बोलणार नाही, ही शपथ हिपोक्रेटिसच्या नावाने वैद्यांनी दोन हजारांहून जास्त वर्षं वागवली. आपण प्रार्थना करणारे आहोत म्हणून आपल्याला त्यातून सूट कोणी दिली?

वाटसरू६१

ताई, तुम्ही लिहिलंय ते धडधाकट माणसाला पटण्यासारखं आहे. माझी बायको व्हेंटिलेटरवर होती तेव्हा तिला विचारायची सोय नव्हती आणि मला काही सुचत नव्हतं. आमच्यातल्या एकाने मला न विचारता गटावर टाकलं. संध्याकाळपर्यंत रक्त द्यायला माणसं हजर, रात्री दवाखान्यात कोण बसणार त्याच्या पाळ्या ठरलेल्या, मुलांना एकीने आपल्या घरी नेलेलं. मी स्वतः एकालाही फोन केला नसता. आमच्या वयाच्या पुरुषांना मदत मागता येत नाही, शिकवलेलंच नाही. तुमचा नियम तेव्हा असता तर मी त्या बाकावर एकटा बसून राहिलो असतो, खासगीपणा शाबूत ठेवून.

अनवट

वाटसरूकाका, माणूस बेशुद्ध असेल तर घरच्यांनी ठरवायचं, यावर वादच नाही. पण एक सांगा, त्या मदतीसाठी लोकांना काय कळणं गरजेचं होतं? रक्तगट, दवाखान्याचा पत्ता, कोणत्या वेळी माणूस हवा ते. निदान, रिपोर्ट आणि "डॉक्टर म्हणाले आशा कमी आहे" यातलं काय पाळी लावायला लागतं?

तर्कटराव

मुळात हा सगळा खटाटोप कशाला? २००६ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बायपास झालेले १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं, "तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही." त्यातल्या ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी नाही झाली त्यांच्यात ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक शून्य. तिसऱ्या गटाला मात्र ठामपणे सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणारच. त्यांच्यात ५९ टक्के! बिचारे घाबरले असणार, "एवढी वाईट परिस्थिती आहे का माझी?" म्हणून.

त्याही आधी १८७२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने हिशेब मांडला होता की राजेरजवाड्यांच्या दीर्घायुष्यासाठी सगळी प्रजा प्रार्थना करते, तरी सुखवस्तू लोकांमध्ये सगळ्यात कमी तेच जगतात.

निरुपमा_स

तर्कटराव, अर्धंच सांगितलंत. ५९ चा आकडा योगायोगही असू शकतो, असं त्या अभ्यासकांनीच लिहिलं होतं. आणि देव काही परीक्षेला बसलेला विद्यार्थी नाही. प्रार्थनेने जखम लवकर भरते म्हणून आम्ही प्रार्थना करत नाही. तो माणूस आमच्या मनात राहावा म्हणून करतो. मनात राहिला की पावलं आपोआप त्याच्या दाराकडे वळतात.

तुम्हाला आकडेच हवेत तर हे घ्या. ज्युलियन होल्ट-लन्स्टड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांहून जास्त माणसं. ज्यांचे माणसांशी घट्ट संबंध होते त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. एकटं पडणं हाच रोग आहे हो. अनवट, तुमच्या नियमाने माणूस एकटा पडेल. "विचारल्याशिवाय सांगायचं नाही" याचा व्यवहारात अर्थ "सांगायचंच नाही" असा होतो, कारण आजारी माणसाला विचारायला सगळ्यांनाच संकोच वाटतो.

मध्यमा

तर्कटरावांनी आणलेल्या त्या अभ्यासातलाच एक तपशील सांगते, तो या धाग्याला जास्त लागू आहे. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. बस. तेवढ्यावर त्यांनी चौदा दिवस प्रार्थना केली, कोणी तक्रार केली नाही. देवाला आडनाव लागत नाही, बायोप्सीचा रिपोर्ट तर नाहीच नाही.

वाटसरू६१

देवाला लागत नसेल. माणसांना लागतं. "कोणीतरी सु. आजारी आहे" एवढ्यावर रात्री दोन वाजता गाडी घेऊन कोण निघेल?

मध्यमा

काका, हे मान्य. म्हणजे त्या एका मेसेजात दोन वेगळी कामं कोंबलेली असतात, प्रार्थना आणि मदत. प्रार्थनेला शंभर माणसं चालतात पण माहिती नगण्य लागते. मदतीला माहिती लागते पण माणसं आठ-दहा पुरतात. आपण काय करतो, तर सगळी माहिती सगळ्या माणसांना देतो.

कोरा_कागद

मी इथे सहसा वाचनमात्र असतो. पण हे माझ्याबाबतीत झालंय म्हणून लिहितो.

मला नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. मंडळातल्या एका जवळच्या मित्राला सांगितलं. त्याने चांगल्या मनानेच गटावर टाकलं. पुढच्या आठवड्यात माझ्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज बदलला होता. लहान मुलाशी बोलावं तसा. एकजण म्हणाला, "श्रद्धा कमी पडतेय, बाकी काही नाही." दुसऱ्याने गोळ्यांची यादी मागितली आणि यातल्या कोणत्या सोडता येतील ते सांगितलं. (ते गृहस्थ बँकेत होते.) गायनाचं काम माझ्याकडे होतं, ते "तुला ताण नको" म्हणून काढून घेतलं. आठवड्यातून तेवढंच एक काम होतं जिथे मला मी ठीक वाटायचो.

सगळ्यात लागलं ते श्रद्धेचं. नैराश्यात माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो, त्यात देवाचाही दोष लावून घ्यायचा. केनेथ पार्गामेंट यांचं याच विषयावर काम आहे. २००१ मध्ये त्यांचा अभ्यास आला होता, दवाखान्यात भरती झालेल्या ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा. "देवाने मला टाकलं", "देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही" अशा विचारांत अडकलेल्यांचं पुढच्या दोन वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त निघालं, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. तेव्हा श्रद्धा आधार देते हे खरं, पण तीच उलटी फिरली तर काय करते तेही बघा. आणि ती उलटी फिरवायला बाहेरचं कोणी लागत नाही, "काळजीपोटी" बोलणारी आपलीच दोन माणसं पुरतात.

मी जाणं बंद केलं. गोळ्या आणि समुपदेशनाने बरा आहे.

निरुपमा_स

कोरा_कागद, तुमच्याशी जे वागले ते चुकलेच. गायन काढून घेणं तर क्रूरपणा. पण मला अजूनही वाटतं की तिथे कळणं हा दोष नव्हता, कळल्यावर कसं वागायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं, हा होता. त्यावर उपाय लपवणं नाही. जे लपवायचं असतं ते लाजिरवाणंच ठरतं. कॅन्सरचं नावही लोक घेत नव्हते, तो काळ आठवा. ज्यांनी पहिल्यांदा उघड सांगितलं त्यांच्यामुळे पुढच्यांना सोपं गेलं.

बेल्जियममधल्या गेल गावाचं उदाहरण आहे. संत डिंफ्नाच्या चर्चला मनोरुग्णांना घेऊन लोक यायचे, जागा पुरेना म्हणून गावातल्या घरांनी त्यांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. तेराव्या शतकापासूनची ही रीत. १९३० च्या दशकात साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण घराघरात राहत होते. सगळ्या गावाला माहीत, कोणाला लपवावं लागत नाही. श्रद्धेतूनच उभं राहिलं ना ते?

अनवट

निरुपमाताई, गेलचं उदाहरण तुम्हीच आणलंत ते बरं झालं. तिथे पाहुणा ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याच्या आजाराचं नाव सहसा सांगत नाहीत! कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, औषध किती वाजता, एवढं कळलं की घर चालतं. शेकडो वर्षं चाललेली व्यवस्था निदान न सांगता चालते, आणि आपल्याला मात्र स्टेज कळल्याशिवाय हात जोडता येत नाहीत.

कॅन्सरचं ज्यांनी उघड सांगितलं त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्यांनी *स्वतः* सांगितलं होतं.

उंबरठा

दारू सोडून बरीच वर्षं झाली, तेव्हा दोन शब्द. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट १९३५ पासून चालू आहे, देवाचं नाव तिथेही आहे, फक्त "जसा तुम्हाला उमगतो तसा" देव. आडनाव सांगायचं नाही आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हा तिथला दंडक. बाहेरच्यांना वाटतं ही लाजेपोटी लपवाछपवी आहे. उलट आहे. माझ्या सख्ख्या भावाला जे सांगितलं नाही ते मी तिथे अनोळखी लोकांसमोर सांगितलं, कारण ते दाराबाहेर जाणार नाही याची खात्री होती. गुप्तता पाळणाऱ्या गटातच माणूस मोकळं बोलतो. जिथे सगळं गटावर पडतं तिथे लोक सर्दी-खोकलाच सांगतात.

हजेरीपट

आमच्याकडची प्रार्थनेची यादी मी सांभाळतो, म्हणून व्यवहारातलं सांगतो. अशाच एका प्रकरणानंतर आम्ही नियम केला. आजारी माणसाने किंवा त्याने नेमलेल्या एकाने होकार दिल्याशिवाय नाव नाही. आजाराचा उल्लेख नाही. आणि महिन्याने नाव काढायचं, पुढे ठेवायचं असेल तर पुन्हा विचारायचं. हा शेवटचा भाग कोणाच्या लक्षात येत नाही. नाव टाकायची सगळ्यांना घाई, काढायची कोणाला आठवण नसते. बरा होऊन कामावर गेलेल्या माणसाला लोक सहा महिने "आता कसं वाटतंय?" विचारून पुन्हा आजारी पाडतात.

पण अनवट, तुमच्या बाजूने सगळं गोड नाही. नियमानंतर यादी अर्ध्यावर आली. गळाले कोण? ज्यांना घरचे आहेत, मित्र आहेत, ते नाहीत गळाले. एकटे राहणारे म्हातारे गळाले. त्यांना विचारायला कोणी गेलंच नाही, आणि आपण होऊन सांगणाऱ्यातले ते नाहीत. पूर्वी शेजारचा कोणीतरी भोचकपणे कळवायचा तरी. म्हणून आता दोघांना फक्त जाऊन विचारण्याचं काम दिलंय. ते नसतं तर वाटसरूकाका म्हणतात तेच खरं ठरलं असतं.

तर्कटराव

म्हणजे शेवटी काम केलं ते घरी जाणाऱ्या दोघांनी. यादीने काय केलं?

हजेरीपट

त्या दोघांना जायचं कुठे ते यादीने सांगितलं. तुम्ही येता का तिसरे? प्रार्थनेची सक्ती नाही.

वाटसरू६१

बरं, विचारायचं असं धरून चालू. पण विचारायचं कोणत्या शब्दांत? खाटेवरच्या माणसाला "तुमचं नाव प्रार्थनेत घेऊ का?" म्हटलं तर तो नाही कसं म्हणेल? नाही म्हटलं तर नास्तिक ठरेल, हो म्हटलं तर गावभर. हा होकार नुसता नावाचाच.

कोरा_कागद

हा प्रश्न बरोबर आहे काका. मला कोणी विचारलं असतं, "हे कोणाकोणाला कळलेलं चालेल?" तर मी चार नावं दिली असती. त्या प्रश्नात देव येत नाही, त्यामुळे नाही म्हणताना अपराधी वाटत नाही.

वाटसरू६१

आणि तो "कोणालाच नको" म्हणाला तर?

कोरा_कागद

तर तुम्हाला कळलंय ना. तुम्ही या.

निरुपमा_स

एकट्याने किती रात्री जागायचं, हे जागलेल्यांना विचारा. मी सासूबाईंचं एकटीने केलंय, कारण त्यांना कोणाला कळू द्यायचं नव्हतं. शेवटी माझीच तब्येत ढासळली. सुरुवातीला दिलेलं "कोणालाच नको" हे उत्तर धक्क्यातलं असतं. ते कायमचं धरू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, आणि तेव्हा सांभाळणाऱ्यालाही विचारा, त्याला कोण हवंय ते. इथे सगळे रुग्णाच्या खासगीपणावर बोलले, पण सांभाळणाऱ्याने कोणाकडे बोलायचं याचा नियम अजून कोणी लिहिलेला नाही.